पाचोळ्यातील नर्तकाचे नाव

कोळी म्हटला की आपल्या मनासमोर जाळे उभे राहते. घराच्या कोपऱ्यात जळमट दिसले, देवळाच्या तुळईवरून कोळिष्टक लोंबू लागले, किंवा पावसाळा सरता सरता बांधावरच्या गवतात दवाने भिजलेले रेशमी चक्र कोवळ्या उन्हात झळकले, म्हणजे त्याचा कर्ता तेथेच कोठेतरी दडून बसला असणार हे आपण गृहीत धरून चालतो. आणि जाळे न विणता जमिनीवरून पायी हिंडून, दबा धरून, झडप घालून उपजीविका करणारे कोळीही या सृष्टीत असंख्य आहेत, असे सांगितले तर पुष्कळांना त्याचे नवल वाटते.

मृगाच्या सरी येऊन गेल्यावर सह्याद्रीतील एखाद्या रानात रात्री कपाळाला विजेरी बांधून पायवाटेने चालावे, म्हणजे या फिरस्त्या मंडळींची गाठ पडते. पाचोळ्यात जागोजाग हिरवट ठिणग्या चमकत असतात. पाण्याचा थेंब असावा असे वाटून वाकून पाहावे, तो ती ठिणगी चार बोटे पुढे सरकते आणि मग ध्यानात येते की हे डोळे आहेत. बिबट्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा जसा पडदा असतो तसाच पडदा या तांदळाएवढ्या जीवाच्या डोळ्यामागेही असतो. शास्त्रज्ञांनी याच्या कुलाला लायकोसिडी असे नाव दिले असून त्या नावात लांडग्याचा ग्रीक शब्द आहे. म्हणून आपणही याला लांडगा-कोळी म्हणू. या कुलात आजवर दोन हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. कुल ओळखणे फारसे अवघड नाही, कारण आठ डोळ्यांची अशी मांडणी दुसरीकडे सहसा आढळत नाही : तोंडाच्या वर चार बारीक डोळ्यांची एक आडवी ओळ, तिच्यावर दोन टपोरे डोळे आणि त्यांच्याही मागे, माथ्याच्या दोन अंगांना, आणखी दोन. परंतु कुल कळले म्हणजे आडनाव कळले, एवढेच. आडनावावरून माणूस सापडत नाही. त्याचे स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव, वाडा, अंगावरची खूण असा सगळा तपशील लागतो. कोळ्याच्या बाबतीत हा तपशील मिळवणे, तो कागदावर उतरवणे, आणि शंभर वर्षांनी दुसऱ्या कोणी तो वाचला असता त्याला तोच प्राणी निःसंशय ओळखता येईल अशा रीतीने उतरवणे, हे किती चिकाटीचे काम आहे हे मला एका परदेशी कोळ्याच्या निमित्ताने कळले, आणि त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत, बव्हेरिया प्रांतातील एर्लांगन या गावी राहते. दोन वर्षांपूर्वी एप्रिल आणि मे हे दोन महिने मी तिच्याकडे होतो. गावाच्या उत्तरेस चढण लागते आणि त्या चढणीवर बीच, ओक आणि पाइन या झाडांचे रान आहे. आपल्याकडे चैत्रात पानगळ संपत येऊन रान पुन्हा गर्द होऊ लागते. तिकडे त्या सुमारास बीचच्या फांद्यांवर नुकते कोंब फुटलेले असतात, वर छत धरलेले नसते, आणि म्हणून गेल्या शरदातील तांबूस पानांचा जो जाड थर जमिनीवर पडलेला असतो त्यावर सूर्याचे ऊन थेट येऊन पोहोचते. हे ऊन फार दिवस टिकत नाही, महिन्याभरात पाने दाटली की जमीन सावलीत जाते. आणि तेवढ्या अवधीत पाचोळ्यावर जी धांदल उडते ती एखाद्या ओंडक्यावर अर्धा तास निश्चल बसल्यावाचून दिसत नाही. मी बसलो. प्रथम काहीच हालचाल दिसली नाही. मग एका पानाची कड किंचित हलली, आणि पाहता पाहता पानोपानी कोळी दिसू लागले, इतके की आपण येताना त्यांच्यामधूनच चालत आलो या विचाराने पाय उचलण्याचा धीर होईना.

अंग पाच-सहा मिलिमीटरांचे, पाय लांब आणि सडपातळ, त्यांवर काट्यांसारखे उभे केस. देहाचे दोन भाग : पुढे डोके आणि छाती मिळून झालेले शिरोवक्ष, मागे उदर. बहुतेक जण पिंगट आणि वाळल्या पानात मिसळून जाणारे. पण त्यांत काही असे होते की त्यांच्या काळपट शिरोवक्षाच्या मध्यावरून, पुढून मागे, शुभ्र केसांचा रुंद पट्टा गेलेला होता, जणू कोणी खडूचे बोट ओढावे. हे नर. तोंडाजवळ, पायांच्या पुढे, हातांसारखी जी एक आखूड जोडी प्रत्येक कोळ्याला असते तिला आपण स्पर्शपाद म्हणू. नराच्या स्पर्शपादांची टोके कापसाच्या न उमललेल्या बोंडासारखी फुगीर आणि काळीभोर होती. या काळ्या बोंडांत या कथेचा निम्मा उलगडा आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावीत.

या कोळ्याला मानवी दप्तरात पहिले नाव मिळाले ते १८०२ साली. पॅरिसच्या आसपासच्या प्राण्यांविषयी त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शार्ल आतानाझ वाल्कनेर याने त्याला 'लुगुब्रिस' म्हटले. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ शोकाकुल, सुतकातला. काळ्या वेषावरून हे नाव सुचले असावे असे दिसते. वाल्कनेर हा मोठा व्यासंगी गृहस्थ होता. त्याने भूगोलावर लिहिले, कवी ला फोंतेनचे चरित्र लिहिले, पुढे फ्रान्समध्ये प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारख्या अधिकारावर काम केले, आणि हे सर्व करून कोळ्यांचा अभ्यास आयुष्यभर चालू ठेवला. प्राण्यांना वंशनाम आणि जातिनाम अशी दुपदरी नावे देण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे तिची कालगणना लिनीअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात. एकट्या कोळ्यांच्या बाबतीत मात्र स्वीडनच्या कार्ल क्लेर्कने १७५७ साली छापलेल्या ग्रंथातील नावे अपवाद म्हणून ग्राह्य मानली जातात. म्हणजे वाल्कनेरने लेखणी उचलली तेव्हा हे शास्त्र उणेपुरे पंचेचाळीस वर्षांचे होते. त्या काळी वर्णन म्हणजे रंग, आकार आणि सापडल्याची जागा, अशा दोनचार ओळी पुरत असत. त्या ओळींत बसेल असा एकच कोळी जगात आहे असे लिहिणाऱ्याला वाटे, आणि वाचणाऱ्यालाही वाटे.

तसे नाही हे कळू लागले ते सूक्ष्मदर्शक यंत्र अभ्यासाच्या मेजावर आल्यानंतर. कोळ्याचा रंग हा बेभरवशाचा साक्षीदार आहे. तो वयाने बदलतो, कात टाकली की बदलतो, उन्हाने आणि उपासमारीने बदलतो, आणि नमुना मद्यार्कात बुडवून ठेवला की थोड्याच काळात पुसट होतो. जातीजातींत जो खरा भेद राहतो तो जननेंद्रियांच्या कठीण भागांत. नर कोळी प्रौढ झाला म्हणजे एक इवलीशी रेशमी चटई विणतो, तिच्यावर वीर्याचा थेंब सोडतो, आणि तो थेंब स्पर्शपादांच्या त्या फुगीर टोकांत भरून घेतो. मादीशी संग होतो तो या टोकांच्या द्वारे. साध्या डोळ्यांना जे काळे बोंड दिसते ते भिंगाखाली उलगडले, की त्यात आकडे, चमचे, खोबणी, वळणदार सुया अशी विलक्षण रचना आढळते. आणि मादीच्या उदराखाली तिला जुळेल अशी एक कठीण पट्टिका असते. कुलूप आणि किल्ली ही उपमा या शास्त्रात शे-दीडशे वर्षांपासून चालत आलेली आहे. ती शब्दशः खरी नाही, पण कामाला उपयोगी आहे.

एर्लांगनमध्ये निसर्गप्रेमी मंडळींच्या एका संध्याकाळच्या बैठकीत एका वृद्ध शिक्षकाने मला हे काम प्रत्यक्ष दाखवले. त्यांनी सत्तर टक्के मद्यार्काने भरलेल्या करंगळीएवढ्या कुपीतून एक मादी चिमट्याने उचलली, घड्याळजीच्या हातांनी उदराखालची ती पट्टिका सुटी केली, आणि एका थेंबात बुडवली. त्या थेंबाचा वास खोलीत पसरताच मी चमकलो, कारण तो माझ्या आजीच्या दाढदुखीचा वास होता : लवंगेचे तेल. लवंगेच्या तेलाने कठीण कवच पारदर्शक होते आणि त्याच्या आत दडलेल्या नळ्या व पिशव्या वरून स्पष्ट दिसू लागतात, म्हणून जगभरचे कोळीअभ्यासक ते वापरतात. कुपीत कोळ्याबरोबर एक कागदाची चिठ्ठी बुडालेली होती. तिच्यावर पेन्सिलीने गाव, रान, झाडांचा प्रकार, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव लिहिलेले होते. मद्यार्कात शाई विरघळते, पेन्सिल टिकते. ज्या नमुन्याची चिठ्ठी हरवली तो नमुना नुसता मेलेला कोळी, असे ते शिक्षक म्हणाले, आणि मग त्यांनी ती चिठ्ठी चिमट्याने पुन्हा कुपीत इतक्या जपून सोडली, जणू जुन्या वतनाची सनद कोणी पेटीत ठेवावी.

आता त्या शोकाकुल कोळ्याकडे वळू. वाल्कनेरनंतर एकतीस वर्षांनी, १८३३ साली, बव्हेरियातच, कार्ल लुडविग कोख नावाच्या माणसाने रानातला एक लांडगा-कोळी 'अलाक्रिस', म्हणजे चपळ, या नावाने प्रसिद्ध केला. कोख हा पेशाने जंगलखात्याचा अधिकारी होता. रानाची देखरेख करता करता त्याने जे कोळी पाहिले त्यांवर सोळा खंडांच्या एका सचित्र ग्रंथमालेचा फार मोठा भाग त्याने लिहिला, आणि पार्डोसा हे वंशनाम, ज्याच्याखाली आज पाचशेहून अधिक जाती मोडतात, तेही १८४७ साली त्यानेच दिले. रानात रोज हिंडणाऱ्या माणसाच्या नजरेने हा कोळी वाल्कनेरच्या कोळ्याहून निराळा ठरवला होता. पण पुढच्या पंडितांना दोहोंत पुरेसा फरक दिसेना. त्यांनी चपळाला शोकाकुलात जमा केले, आणि पुढे दीर्घकाळ युरोपभर रानातल्या या सर्व कोळ्यांना 'पार्डोसा लुगुब्रिस' हे एकच नाव चालले. मग १९८४ साली एका जर्मन अभ्यासकाला त्यांतले काही वेगळे दिसले व त्याने त्यांना नवी जात म्हणून नवे नाव दिले. परंतु थोड्याच वर्षांत असे निष्पन्न झाले की ही नवी जात म्हणजे कोखचा तो १८३३ चा चपळ कोळीच होय. नामकरणाच्या नियमांप्रमाणे सर्वांत आधीचे नाव वैध, आणि त्याची वहिवाट मध्यंतरी तुटलेली असली तरी हक्क सहसा बुडत नाही. नवे नाव रद्द झाले, जुने जिवंत झाले. कोख तर १८५७ साली वारला होता. त्या जंगल-अधिकाऱ्याच्या निरीक्षणाला इतक्या उशिरा का होईना पण न्याय मिळाला, याचे मला मनापासून समाधान वाटते.

येथे प्रकरण मिटले असते; पण ते खरे येथूनच सुरू झाले. १९९९ साली स्वीडनच्या क्रोनेस्टेट यांनी मध्य युरोपातून याच गोतावळ्यातली आणखी एक जात वेगळी काढली. आणि एर्लांगनच्या विद्यापीठात त्याच सुमारास ट्योप्फर-होफमान, कोर्डेस आणि फॉन हेल्वर्सेन हे तिघे एका निराळ्याच दिशेने या कोळ्यांकडे पाहत होते. ओट्टो फॉन हेल्वर्सेन हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक; नाकतोड्यांच्या प्रणयगीतांचा त्यांनी सखोल अभ्यास केलेला होता. दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन नाकतोड्यांची गाणी वेगळी असतात, आणि मादी गाण्यावरून आपला नर ओळखते, हे ज्याने कानांनी अनुभवले आहे त्याला, दिसायला सारख्या कोळ्यांविषयीही तोच प्रश्न पडणे स्वाभाविक होते. माणसाला फरक दिसत नाही, हे ठीक. पण मादीला दिसतो काय?

लांडगा-कोळ्याचा प्रणय हा पाहण्यासारखा सोहळा आहे. मादी चालते तेव्हा तिच्या मागे रेशमाचा एक बारीक धागा पाचोळ्यावर पडत जातो आणि त्या धाग्याला तिचा गंध असतो. नराला तो धागा लागला की तो थबकतो, स्पर्शपादांनी चाचपतो, आणि मागोवा घेत निघतो. मी ज्या ओंडक्यावर बसलो होतो त्याच्यापासून हातभर अंतरावर एके दिवशी दुपारी असाच एक नर एका मोठ्या पानाच्या काठावर येऊन उभा राहिला. पानाच्या दुसऱ्या टोकाला मादी होती, निश्चल. नराने आधी एक काळे बोंड वर उचलले, मग दुसरे, जणू दोन झेंड्यांनी निशाण करावे. पुढच्या पायांना कंप सुटला. उदर इतक्या वेगाने थरथरले की त्याची कड पुसट दिसू लागली. मग तो दोन पावले एकदम पुढे झेपावला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे सर्व उघड्या उन्हात, तळहाताएवढ्या पानावर. भिंग डोळ्याला लावून मी श्वास रोखून पाहत होतो. मादीने अखेर तोंड फिरवले आणि ती पानाखाली गेली. नर त्या रिकाम्या पानावर कितीतरी वेळ बोंडे उचलीत राहिला.

यात दृष्टीला दिसणारा भाग थोडा आणि पायांना जाणवणारा भाग मोठा असतो, कारण पान हे या कोळ्यांचे ढोलके आहे, आणि नराची थरथर पानातून मादीच्या पायांपर्यंत पोहोचते. याच कुलातील एक युरोपीय कोळी, हायग्रोलायकोसा रुब्रोफॅशिआटा, दमट रानातल्या वाळल्या पानांवर उदर आपटून असा काही ताशा वाजवतो की माणसाला तो काही पावलांवरूनही ऐकू येतो. आपल्या कोळ्याचा आवाज माणसाच्या कानी पडण्याइतका मोठा नसतो. पण त्याची भाषा तीच, कंपाची आणि हावभावाची.

एर्लांगनच्या अभ्यासकांनी युरोपातील निरनिराळ्या ठिकाणचे, लुगुब्रिस या एका नावाखाली मोडणारे कोळी जिवंत आणले, आणि त्यांचे नृत्य पाहिले. नृत्ये सहा निघाली. हातवाऱ्यांचा क्रम, कंपाची लय, झेपेची पद्धत, सर्व ठरीव आणि प्रत्येक गटात वेगळे. आणि मादी परक्या गटाच्या नर्तकाला सहसा दाद देत नाही असे आढळले. म्हणजे माणसाला जो एक कोळी वाटत होता तो सहा जातींचा समुदाय होता, आणि ही गोष्ट त्या सहा जातींच्या माद्यांना मुळापासून माहीत होती. इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात त्यांनी दोन नव्या जातींचे वर्णन केले. एकीला त्यांनी 'पर्टिनाक्स', म्हणजे चिकाट, असे नाव दिले. दुसरी 'साल्टान्स'. लॅटिनमध्ये साल्टान्स म्हणजे नाचणारा. एकशे अठ्ठ्याण्णव वर्षे ज्या जीवाला माणूस सुतकातला म्हणून हाक मारीत होता तो पाचोळ्यातला नर्तक निघाला, आणि त्याच्या नर्तनावरूनच त्याला त्याचे नाव मिळाले; मला ठाऊक असलेल्या शास्त्रीय नावांत इतके समर्पक नाव क्वचितच दुसरे असेल. फॉन हेल्वर्सेन यांनी पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांसह ग्रीसमधून वटवाघळाची एक अशीच नजरेआड राहिलेली जात उजेडात आणली, हेही सांगितले पाहिजे. वेगळेपणा ओळखण्याची एक साधना असते आणि ती एका प्राण्यापुरती मर्यादित राहत नाही.

पण नृत्य बरणीत ठेवता येत नाही. जातीचे वर्णन विधिवत व्हावयाचे तर त्याला काही अटी आहेत, आणि त्या एखाद्या काटेकोर पंचनाम्यासारख्या आहेत. एक नमुना, केवळ एक, मुख्य प्रारूप म्हणून नेमून द्यावा लागतो. तो कोणत्या संग्रहालयात जमा केला हे नोंदवावे लागते. कोठे, केव्हा, कोणी, कशा प्रकारच्या रानात पकडला हे लिहावे लागते. शिरोवक्षाची लांबी-रुंदी, पायांच्या प्रत्येक सांध्यामधल्या खंडाची लांबी, डोळ्यांमधले अंतर, हे मिलिमीटरच्या दशांशात द्यावे लागते. नराच्या स्पर्शपादाची आकृती निरनिराळ्या बाजूंनी काढावी लागते. आणि मुख्य म्हणजे जवळच्या भाऊबंदांपासून ही जात नेमकी कशाने वेगळी हे सांगावे लागते. पुढे कधीही वाद उत्पन्न झाला तर छापील शब्दांपेक्षा तो एक नमुना श्रेष्ठ. शब्दांचा अर्थ लावताना दोन विद्वानांत मतभेद होईल. बरणीतला कोळी मात्र तोच राहील. जमिनीच्या तंट्यात जसे तोंडी पुरावे बाजूला पडून मूळ मोजणीचा नकाशा मागवला जातो, तसे येथे होते.

म्हणून नृत्य पाहून ज्यांची वाटणी झाली होती त्या कोळ्यांना पुन्हा भिंगाखाली घेणे भाग पडले. आणि येथे या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट घडली. पूर्वीच्या अभ्यासकांनी हीच बोंडे याच भिंगांखाली पाहिली होती आणि त्यांतले किरकोळ फरक, एखाद्या आकड्याचे वळण, एखाद्या दात्याची लांबी, व्यक्तिगणिक असणारी चढउतार म्हणून सोडून दिले होते. आता कोणता नर कोणत्या नृत्याचा हे आधीच ठाऊक असल्यामुळे, त्याच फरकांना अर्थ आला. कोठे पाहावयाचे हे नर्तकांनीच दाखवून दिले. नरांची शहानिशा अशा रीतीने करता येते. माद्यांच्या बाबतीत मात्र ती पट्टिका इतकी सारखी असते की मुरलेला अभ्यासकही, सोबत नर नसेल तर, निकाल देताना हात आखडता घेतो.

या फेरफाराचे परिणाम दूरवर झाले. ब्रिटनमधील जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा तेथे लुगुब्रिस म्हणून ओळखला जाणारा रानकोळी बव्हंशी साल्टान्स आहे असे दिसून आले, आणि खरा लुगुब्रिस स्कॉटलंडमधल्या मोजक्याच ठिकाणी आढळला. १९७१ साली मध्य स्कॉटलंडमधल्या या कोळ्याचे आयुष्यचक्र, त्याची संख्या आणि ऋतुमानाप्रमाणे रानात होणारी त्याची हालचाल यांविषयी एक परिश्रमपूर्वक केलेला अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. अशा प्रत्येक जुन्या निबंधातील लुगुब्रिस या शब्दापाशी आज वाचकाला थांबून विचारावे लागते की यातला कोणता. निरीक्षणे खोटी ठरत नाहीत, पण त्यांचा मालक बदलू शकतो. ज्यांनी त्या काळी नमुने चिठ्ठीसह संग्रहालयात जमा केले त्यांचे काम कुपी उघडून पुन्हा पडताळता येते. ज्यांनी केवळ नाव लिहून नमुने टाकून दिले त्यांच्या कामाला आता दाखला उरला नाही.

आपल्याकडे लांडगा-कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया घातला तो बिनय कृष्ण टिकादार यांनी. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील केंद्रात बसून त्यांनी पश्चिम भारतातल्या कोळ्यांच्या शेकडो कुप्या तपासल्या, आणि १९८० साली मल्होत्रा यांच्यासह या कुलावर भारतीय प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत एक खंड प्रसिद्ध केला. आजही आपल्या रानातला लांडगा-कोळी हाती आला की प्रथम तोच खंड उघडावा लागतो. त्या खंडातील आकृत्या बरणीतल्या देहांच्या आहेत, आणि त्या काळी दुसरे काही शक्यही नव्हते. भीमाशंकरच्या किंवा राधानगरीच्या पाचोळ्यावर हे कोळी जिवंतपणी कसे वागतात, कोणती लय धरतात, कोणता पाय आधी उचलतात, हे बसून पाहणारे आणि लिहून ठेवणारे तरुण आपल्यातून निघावेत अशी माझी फार इच्छा आहे. त्याला मोठी सामग्री लागत नाही. दहापट दाखवणारे एक भिंग, वही, पेन्सिल आणि न हलता बसण्याची सवय एवढ्यावर सुरुवात होते. आता तर खिशातल्या मोबाईलवर चित्रफीतही घेता येते.

परतीच्या आठवड्यात, मे महिन्याच्या अखेरीस, मी त्या ओंडक्याकडे शेवटचा गेलो. बीचची पाने आता दाट झाली होती आणि जमिनीवर उन्हाचे कवडसेच काय ते उरले होते. पांढऱ्या पट्ट्याचे नर जवळजवळ दिसेनासे झाले होते. माद्या होत्या, आणि प्रत्येकीच्या उदराच्या टोकाला, जेथून सूत निघते तेथे, मुगाच्या डाळीएवढा एक चपटा गोल अंडकोश चिकटलेला होता, दोन वाट्या एकमेकींवर ठेवून कडेने शिवून टाकाव्यात तसा. असा कोश ओढीत त्या धावत, शिकार करीत, आणि ऊन पडलेल्या पानावर येऊन थांबत. थांबल्या की उदर वळवून कोश उन्हाकडे करीत, कारण आतल्या अंड्यांना ऊब हवी असते. कवडसा सरकला की त्याही सरकत. एकीचा कोश फिकट पडून किंचित फुगलेला होता. तिने तो मागच्या पायांनी सोडवून पुढे घेतला, तोंडाशी धरला, आणि जबड्यांनी त्याची शिवण थोडी थोडी उसवीत हळूहळू फिरवू लागली. बराच वेळ हे चालले. मग फटीतून मोहरीपेक्षाही बारीक, पारदर्शक पिवळट असे एक पिल्लू बाहेर आले, आईच्या पायावर चढले, तेथून पाठीवर गेले, आणि केस धरून बसले. त्याच्यामागून दुसरे आले. मी मोजू लागलो, आणि तेविसाव्यापर्यंत पोहोचलो तेव्हा कवडसा पुढच्या पानावर गेला, आणि ती पाठीवरच्या सर्वांना घेऊन त्याच्यामागे गेली.